तुलनेचा नमुना

५ नोव्हेंबर १९९७, बुधवार

मे महिन्याच्या शेवटी निवृत्त झालो तेव्हा शाळेतून दोनच वस्तू घरी आल्या: सत्काराची शाल आणि पाठाच्या टाचणाची एक कोरी वही. शाल ट्रंकेत गेली. वहीचं पहिलं पान आज लिहितो आहे. 'वर्ग' छापलंय तिथे 'गोठा' लिहिलं आणि 'विषय' छापलंय तिथे 'चांदी'. कपाळावर पांढरा चांद म्हणून चांदी. बाकी अंग काळं-पांढरं, संकरित, दुसऱ्या वेताला गाभण.

आमचे चिरंजीव संदेश यांचं म्हणणं असं की रिटायर माणसाने पेपर वाचावा आणि पारावर बसावं. तो बारामतीच्या एमआयडीसीत कामाला आहे, मोटारसायकलवर जातो-येतो आणि घरात सगळ्यांना सल्ले देतो. माझा पेपर अर्ध्या तासात वाचून होतो, म्हणून गाय घेतली. त्याने अट घातली आहे: संक्रांतीपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर गाय विकायची आणि मी गप्प बसायचं. अडतीस वर्षं शाळा सांभाळली, मला एक गाय सांभाळता येणार नाही?

आता कधीही विईल. अंगाने अशी भरली आहे की पाठीवर हात फिरवला तर हाड लागत नाही. दूध आटवल्यापासून मी रोज मक्याचा भरडा आणि सरकी पेंड घमेलं भरून घालतो. पोटात वासरू आहे, दोघांचं खाणं नको? गेल्या महिन्यात तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर पाहून गेली. म्हणाली, गुरुजी, खुराक कमी करा, चरबी फार चढली आहे. मी हो म्हणालो आणि काही कमी केलं नाही.

ही डॉक्टर म्हणजे ज्योत्स्ना, बौद्धवस्तीतल्या रामभाऊ पाटकऱ्याची मुलगी. कालव्याचं पाणी सोडायला रामभाऊ यायचा तेव्हा ही त्याच्या सायकलवर पुढे बसलेली असायची. चौथीला माझ्याच हाताखाली होती. हुशार, पण उलट बोलायची. एकदा मी दोन डब्यांत वाल पेरून प्रयोग दाखवत होतो, एक डबा उजेडात, एक कपाटात. उजेडातला उगवलाच नाही. सगळ्या वर्गासमोर ही म्हणाली, "गुरुजी, तुमचं बीच किडकं आसंल." तासभर बाहेर उभी केली होती. वर्गाला शिस्त लागते.

दिवाळी होऊन गेली तरी ऊन हटत नाही. दुपारपर्यंत मलाच दोन तांबे पाणी लागतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी सव्वानऊला चांदी विली. कालवड झाली! कपाळावर आईसारखाच चांद. वारही वेळेवर पडली. सौ.ने, म्हणजे चंद्राबाईने, गाईला बाजरी शिजवून त्यात गूळ घालून चारली.

शेजारचा म्हस्कू आला होता. त्याच्याकडे दूध संकलनाचं केंद्र आहे, त्यामुळे कोणत्याही गाईकडे पाहताना त्याला फक्त कास दिसते. म्हणाला, "गुरुजी, ही सोन्याची खाण हाय. पर लई जाड केलीया." मी म्हटलं, खाण बारीक असते का? तो हसला. मला उत्तर द्यायला आवडतं, हे मी कबूल करतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

खरवस. तीन वड्या खाल्ल्या, मग आणखी दोन. हल्ली भूक फार लागते. कष्टाची भूक. अडतीस वर्षं खुर्चीत बसून जेवलो, आता कुठे अन्न अंगी लागेल.

१६ नोव्हेंबर, रविवार

दोन्ही वेळचं मिळून बावीस लिटर. म्हस्कूने दोनदा मोजलं. संदेश शिफ्ट करून आला, बादलीकडे पाहिलं आणि काही न बोलता हातपाय धुवायला गेला. त्याचं काही न बोलणं म्हणजे माझा पहिला नंबर.

लेंग्याची नाडी आणखी एक वीत आत ओढावी लागते. सौ. म्हणते, वाळलात. मी म्हणालो, पोट गेलं, बरं झालं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज प्रथमच गव्हाणीत खुराक उरला. सहा किलो घातला होता, ताणकाट्यावर मोजला तर दीड किलो शिल्लक. म्हस्कू म्हणतो दृष्ट लागली. मी म्हणालो, दृष्ट दीड किलोची नसते, उद्या पुन्हा मोजू.

२२ नोव्हेंबर, शनिवार

साडेचार किलो शिल्लक. पेंडीला तोंडच लावत नाही. कोरडा कडबा मात्र ओढते, तोही नाइलाजाने. दूध बाविसावरून चौदावर आलं. दहा दिवसांपूर्वी हाताला न लागणारी हाडं आता लांबूनच मोजता येतात. डोळे खोल गेले. शेण कोरडं, वरून चकाकतं.

आणि तोंडाजवळ गेलं की एक वास येतो. गोडसर, आडीत जास्त दिवस राहिलेल्या फळासारखा. सौ.ला बोलावून दाखवला. ती गाईजवळ वाकली, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "अवो, असाच वास तुमच्या तोंडाला बी येतोय. चार दिस झालं मी म्हणीन म्हणीन म्हणतीया."

मी म्हणालो, दिवसभर तिच्या तोंडाशी बसल्यावर दुसरा कसला येणार?

उद्या रविवार असला तरी ज्योत्स्नाला बोलावणार. आधी बोलवायला हवं होतं. बोलावलं नाही, कारण ती खुराकाचं विचारील.

२३ नोव्हेंबर, रविवार

विचारलंच.

सकाळी दहाला आली, एम-एटी गाडीवर, मागे औषधांची पेटी बांधलेली. गाईच्या कण्यावरून हात फिरवला, तोंडाचा वास घेतला, मग शेपटीखाली हलक्या हाताने चोळत राहिली. दोन मिनिटांत चांदीने गोमूत्र सोडलं, ते तिने वाटीत धरलं. मग खिशातून फोटोच्या रोलची काळी डबी काढली. त्यात पांढरी पूड होती. चिमूटभर बशीत घेऊन तिच्यावर दोन थेंब टाकले. पाहता पाहता पूड गर्द जांभळी झाली, पिकल्या जांभळासारखी. अडतीस वर्षांत माझ्या एकाही प्रयोगात इतका स्वच्छ निकाल लागला नव्हता.

तिने समजावून सांगितलं ते टाचणात लिहून ठेवतो. गाय विली की दुधासाठी तिला साखर लागते, ढीगभर. तेवढं तिला खाऊन मिळत नाही, म्हणून शरीर साठवलेली चरबी वितळवायला काढतं. थोडी वितळली तर चालतं. पण एकदम फार आली की यकृताला ती नीट जाळता येत नाही, अर्धवट जळते, आणि त्याचा जो धूर होतो तोच हा वास आणि हाच जांभळा रंग. त्या धुराने भूक आणखी मरते. भूक मेली की आणखी चरबी वितळते. म्हणजे गाय दावणीला उभ्याउभ्या स्वतःलाच खाते आहे.

मी विचारलं, पण जिला इतकी गरज आहे तिला भूक कशी लागत नाही? उलट जास्त लागायला हवी.

तिला प्रश्न आवडला असावा. पेटीवर बसली. "गुरुजी, आपल्याला वाटतं चरबी नुसती पडून असते. ती बोलते. मेंदूला निरोप धाडते की घरात भरपूर आहे, आता खाऊ नको. परदेशात दोन-तीन वर्षांपूर्वीच सापडलंय हे, उंदरांमध्ये. गाईंचं अजून शोधतायत. पण जाड गाय विल्यावर कमी खाते, हे आम्ही रोजच बघतो."

म्हणजे मी घमेल्याने घातलेला खुराक आता आतून तिला खाऊ नको म्हणतो आहे. हे वाक्य ती बोलली नाही. मीच बोललो. तिने मानेच्या शिरेतून साखरेचं सलाईन लावायला घेतलं. मी दावं धरून उभा होतो.

जाताना म्हणाली की रोज येणं जमणार नाही, बावीस गावं आहेत. रोज सकाळ-संध्याकाळ गूळपाण्यात ग्लिसरीन कालवून सावकाश पाजायचं. खुराक थोडा थोडा, दिवसातून सहा वेळा. आणि गोमूत्र रोज तपासून रंग लिहायचा. डबी माझ्याकडे दिली. "झाकण घट्ट लावा. ओल लागली की पूड बिघडते."

मी म्हणालो, चूक माझी आहे, गाय मी वाचवणार. ती म्हणाली, "ते मला ठाऊक आहे, गुरुजी." दोहोंपैकी काय ठाऊक, ते विचारलं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी जांभळा, संध्याकाळी जांभळा. शिल्लक चार किलो.

गोमूत्र धरणं हे स्वतंत्र शास्त्र आहे. वाटी घेऊन मागे उभा राहिलो की चांदी मागे वळून बघते आणि काही करत नाही. वाटी ठेवली की लगेच. आज पाऊण तास उभा होतो. मधे मलाच तीनदा जाऊन यावं लागलं. हल्ली रात्रीही चार-पाच वेळा उठतो. त्याचा फायदा असा की जाता-येता गोठ्यात नजर टाकता येते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

रंग किंचित फिका. मी दोनदा पाहिला, सौ.ला दाखवला. ती म्हणाली वांग्याचा रंग. परवा जांभळाचा होता. प्रगती आहे. शिल्लक तीन किलो.

मोरीत मुंग्यांची रांग लागली आहे. सौ.ला म्हणालो, गूळ पातेल्यातून सांडतेस, जरा हात आवर. ती म्हणाली गुळाचं पातेलं मोरीत न्यायलाच मला वेळ कुठंय, ते तुमीच गोठ्यात धुता. मुद्दा तिचा बरोबर होता, म्हणून मी विषय बदलला.

३० नोव्हेंबर, रविवार

फिकट गुलाबी! शिल्लक सव्वा किलो. दूध सोळा. कालवडीला ढुशी मारू दिली, चाटलं, मग पेंडीचं घमेलं स्वतः पुढे ओढलं. ते पाहून मला रडू आलं. कोणी नव्हतं म्हणून लिहितो.

चष्म्याचा नंबर वाढला असावा, फळ्यावरचं नीट न दिसणाऱ्या पोरांसारखे डोळे बारीक करून लिहितो आहे. गवताच्या भाऱ्यापाशी बसलो आणि बसल्याबसल्या झोप लागली. संदेशने उठवलं. म्हणाला, "दादा, कुणीतरी डॉक्टर गाठा. गाईपेक्षा तुमचीच हाडं वर आल्याती." मी म्हणालो, एका वेळी एकच पेशंट. गाय खाऊ लागली की जाईन.

खाण्याचं म्हणाल तर माझं उत्तम चाललंय. आज चार भाकरी. गाय खात नाही म्हणून वाळते हे समजतं. मी खातो आणि वाळतो, हे कष्टाचंच.

२ डिसेंबर, मंगळवार

विचित्र. गाय चांगली खाते आहे. शिल्लक फक्त अर्धा किलो. डोळ्यांत तेज आलंय, कान हलतात. पण संध्याकाळी पूड पुन्हा गुलाबी, कालच्यापेक्षा जरा जास्तच. खाणाऱ्या गाईचा रंग वाढेल कशाला? डबीच्या झाकणाला सकाळी दव होतं. ओल गेली असेल का?

पुराव्याशिवाय बोलायचं नाही, हे मी मुलांना शिकवलं. प्रयोगात तुलनेचा नमुना लागतो. आजारी गोमूत्र एका बशीत, निरोगी दुसऱ्या बशीत. निरोगीवरही रंग आला, तर दोष पुडीचा.

३ डिसेंबर, बुधवार

निरोगी नमुना आणायचा कुठून? म्हस्कूच्या गाईमागे वाटी घेऊन फिरलो असतो तर गावाला वर्षभराची करमणूक झाली असती. माणसाचं शरीरही शेवटी शरीरच. म्हणून सकाळी माझी स्वतःची लघवी घेतली. सौ. देवपूजेत होती.

दोन बशा, दोन चिमूट पूड. डावीकडे चांदी: फिकट गुलाबी. उजवीकडे मी: गर्द जांभळा. पहिल्या दिवशीच्या चांदीसारखाच.

निकाल स्पष्ट आहे. पूड बिघडली. कशावरही जांभळी होते.

म्हणजे गेल्या दहा दिवसांतले सगळे रंग खोटे. गाय खाते आहे हे खरं. आजपासून ग्लिसरीन बंद, तिच्या नरड्यात उगाच कशाला ओतायचं. खुराक पूर्ववत सहा किलो, दोन वेळा. दूध वाढायला हवं, संक्रांत जवळ आली. बशा राखेने तीनदा घासल्या. हे ज्योत्स्नाला कसं सांगायचं ते कळत नाही. पूड बिघडली एवढंच सांगेन. तपासली कशी, ते माझ्यापाशीच राहील.

५ डिसेंबर, शुक्रवार

शिल्लक पाच किलो.

६ डिसेंबर, शनिवार

बौद्धवस्तीत आज सहा डिसेंबरची सभा होती. तिकडच्या कर्ण्याचा आवाज दिवसभर येत होता. दर वर्षी मी जाऊन बसतो, यंदा उठवलं नाही.

चांदी सकाळपासून बसलेली आहे. कडबाही नको. मान वळवून कुशीवर ठेवते. दूध पाच लिटर. कालवड हंबरते तरी कान हलत नाही. मीच तिला या अवस्थेला आणलं, दोनदा. एकदा घालून आणि एकदा थांबवून.

म्हस्कूला रामभाऊकडे निरोप घेऊन पाठवलं, ज्योत्स्ना सभेला आली असेल तर सांग म्हणून. मी स्वतः निघालो होतो, पण कालव्यापर्यंत जाऊन परत आलो. पाय उचलत नाहीत. मळमळतं. पाणी पितो आहे, तरी जीभ लाकडासारखी.

७ डिसेंबर, रविवार

हे पान बारामतीत लिहितो आहे, दवाखान्यातल्या कॉटवर. डावा हात सलाईनला अडकला आहे, उजवा मोकळा. वही सौ.कडून मागून घेतली. काल जे झालं ते क्रमाने लिहितो, कारण क्रम महत्त्वाचा आहे.

ज्योत्स्ना सभेतूनच आली, पांढऱ्या साडीत. गाईजवळ बसली आणि पहिलाच प्रश्न: ग्लिसरीन चालू आहे ना? मी म्हणालो, बंद केलं, पूड बिघडली होती. तिने विचारलं, कशावरून? मी म्हणालो, प्रयोग केला.

तिने डबी मागितली. एका बशीत चिमूटभर पूड घेऊन तिच्यावर माठातलं पाणी टाकलं. पांढरीच राहिली. दुसऱ्या बशीत चांदीचं गोमूत्र. गर्द जांभळी.

"पूड चांगली आहे, गुरुजी. बऱ्या होत आलेल्या गाईचा रंग एखाद्या दिवशी वर-खाली होतो. आणि ओल लागून बिघडली असती, तर ती जांभळी झालीच नसती. बिघडलेली पूड पांढरी राहते."

मी उभा होतो तो गव्हाणीच्या कठड्यावर बसलो. हे मला सुचायला हवं होतं. बिघडलेली पूड रंग द्यायचं थांबवते, नसलेला रंग आणत नाही. चौथीच्या पोरालाही सुचलं असतं. निदान एका पोरीला तरी.

तिने विचारलं, "मग तुमच्या प्रयोगात जांभळं काय झालं?"

मी अडतीस वर्षांत पहिल्यांदा प्रश्नाचं उत्तर माहीत असून खाली पाहिलं. ती उठून जवळ आली. गाईच्या तोंडाचा घेतला होता तसाच, अगदी तसाच माझ्या तोंडाचा वास घेतला. मग लेंग्याच्या नाडीकडे पाहिलं, ती आता दोनदा गुंडाळून बांधतो. पाणी किती पिता विचारलं. सौ. दारात होती, तिनेच सगळं सांगितलं. तांबे, भाकरी, रात्रीचं उठणं. मोरीतल्या मुंग्या म्हणाली तेव्हा ज्योत्स्नाने डोळे मिटले.

"काकू, कपडे भरा. बारामतीला जायचंय, आत्ता."

मी म्हणालो, आधी गाय. एका वेळी एकच पेशंट. तेव्हा ती माझ्यावर ओरडली. वर्गात मी तिचं 'न्हाय' सुधारून 'नाही' करायचो. नोकरी लागल्यापासून ती माझ्याशी छापल्यासारखं बोलते. काल ते सगळं गेलं.

"गाय मी बघती. तुमाला सलाईन लावायचा अधिकार मला न्हाय, न्हायतर हितंच लावलं असतं. उठा, गुरुजी."

उठलो. तिने आधी चांदीला सलाईन लावलं, बाटली धरायला म्हस्कूला उभं केलं. मग म्हस्कूच्याच केंद्रावरून दुधाचा टेम्पो निघत होता, त्यात मला कॅनांच्या मधे बसवलं. एका बाजूला सौ., दुसऱ्या बाजूला ती. निरोप मिळून संदेश एमआयडीसीच्या फाट्यावर येऊन मिळाला आणि पुढचा सगळा रस्ता मोटारसायकलवरून टेम्पोच्या मागे मागे. मी मागे पाहिलं तर त्याने तोंड फिरवलं. त्याचे डोळे भरलेले मी दहावीच्या निकालानंतर काल पाहिले.

रक्तातली साखर चारशे चाळीस. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर शुद्ध हरपली असती.

९ डिसेंबर, मंगळवार

रोज इन्सुलिनची सुई. मळमळ थांबली. ज्योत्स्ना येऊन गेली, गाईचा कागद घेऊन: काल उभी राहिली, कडबा खाल्ला, दूध सात. ग्लिसरीन म्हस्कू पाजतो. माझ्या टाचणात भरायला आकडे तिने रकाने पाडून आणले होते.

तिला विचारलं, गाईला साखर कमी पडली म्हणून धूर झाला. माझ्याकडे तर साखर ओतू जाते. मग माझा धूर कसा? ती म्हणाली की गाईच्या कोठारात माल नाही. तुमचं कोठार भरलेलं आहे, पण दाराची किल्ली हरवली. आतल्या पेशी उपाशीच. म्हणून दोघांनीही चरबी जाळायला काढली. तिची भूक मेली आणि माझी वाढली, एवढाच फरक.

किल्ली आता सुईतून घ्यायची. जन्मभर, असं डॉक्टर म्हणतात. मी विचारलं, निवृत्ती नाही? ते हसले नाहीत.

१४ डिसेंबर, रविवार

घरी. गोठ्यात गेलो तर चांदी उभी होती. मला पाहून काही केलं नाही, रवंथ करत राहिली. रवंथ करत होती! मी तिच्या मानेला डोकं टेकून बराच वेळ उभा राहिलो. तिच्या तोंडाला नुसता कडब्याचा वास होता.

आता ताणकाट्यावर दोन गोष्टी मोजल्या जातात, गव्हाणीतली शिल्लक आणि माझ्या भाकरीचं पीठ. दुसरं मोजमाप सौ.च्या ताब्यात आहे आणि ती पासंग चालू देत नाही. सुईही तीच टोचते. पहिल्या दिवशी सुई हातात घेऊन म्हणाली, "गाईला टोचताना तुमी दावं धरून हुबं ऱ्हायचा. आता तुमचं दावं कोण धरणार?" संदेशने खांदा धरला.

२८ डिसेंबर, रविवार

अडतीस वर्षं एक गोष्ट न तपासता वापरत आलो. वर्गात कोण सरळ बसतो, कोण शुद्ध बोलतो, कोण निरोगी, कोण शहाणा, सगळं मोजायला तुलनेचा नमुना एकच: मी. नमुन्याला कोणी तपासलं नाही, कारण तपासणारा मीच होतो. हे कोणाला सांगणार नाही, पण वहीत असावं.

चांदी: शिल्लक शून्य, दूध अठरा.

१४ जानेवारी १९९८, बुधवार, संक्रांत

मुदत संपली. संदेशने सकाळी विषय काढला नाही. मीच काढला. तो म्हणाला, "विकायची म्हणाला तर मीच घेईन." मग कालवडीला घास टाकायला गेला. त्याला घास टाकता येतो हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं.

दुपारी ज्योत्स्ना आली, कालवडीला लस टोचायला. मी आधीच दोन बशा मांडून ठेवल्या होत्या. तिला दाखवल्या. डावीकडे चांदी, उजवीकडे मी. या वेळी नमुना कोणाचा ते लपवण्याची गरज वाटली नाही. दोन्ही बशांत दोन-दोन थेंब. आम्ही दोघंही वाकून पाहत राहिलो, चौथीच्या बाकावर वाकतात तसे. डावी पांढरी. उजवी पांढरी.

सौ.ने तिला तिळगूळ दिला. मला वाटीत नुसते भाजलेले तीळ. खाता खाता मी म्हणालो, "ज्योत्स्ना, तू चौथीत असताना उजेडातला वाल उगवला नव्हता. तुला बाहेर उभी केली होती. त्या दिवशी बी किडकंच होतं."

ती पेटीचा पट्टा आवळत होती. वर पाहिलं नाही.

"मला ठाऊक हाय, गुरुजी. बाहेर हुबी व्हते तवा खिडकीत तुमचा डबा व्हता. मी उकरून बघितलं व्हतं."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तुमी विचारलं न्हाय."

एम-एटी फाट्याला लागेपर्यंत मी दारात उभा होतो. मग आत येऊन वही उघडली. आजचं टाचण: शिल्लक शून्य, दूध एकोणीस. शेरा: उद्यापासून विचारायचं.